मदत हवी आहे: दुनळी बंदुकीच्या पट्टीचं काम नाशिकमध्ये कोण करतं?

नमस्कार मंडळी, आमच्याकडे आजोबांपासूनची बारा बोअरची दुनळी आहे, निफाडला मळ्यात असते, लायसन्स आता वडिलांच्या नावावर आहे आणि रिन्यू केलेलं आहे. तिच्या दोन नळ्यांच्या मधली वरची पट्टी तोंडाकडून तीन-चार इंच सुटलीये, बोटाने दाबली की हलते.

अंबडला एमआयडीसीत एक ओळखीचा वेल्डर आहे, हात खूप चांगला आहे त्याचा, तो म्हणतो आणा, टिग वेल्डिंग मारून दहा मिनिटात देतो. पण माझं मनच होत नाहीये, कारण ही पट्टी मुळात शिशा-कथलाच्या डागाने (सोल्डरने) बसवलेली असते, तो डाग १८३ डिग्रीच्या आसपास वितळायला लागतो आणि वेल्डिंगला तर पोलादच वितळवावं लागतं म्हणजे दीड हजारच्या घरात, मग नळी वाकली किंवा तिथला धातू कमजोर झाला तर काडतूस उडवताना काय होईल? शिवाय आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे दुरुस्ती लायसन्सवाल्याकडेच करावी लागते, वेल्डर बिचारा उगाच अडकायचा.

तर नाशिकमध्ये किंवा पुण्यात लायसन्स असलेला, डागकाम स्वतः करणारा जुना कारागीर कोणाला माहितीये का? पट्टी पूर्ण काढून परत बसवावी लागते की सुटलेला भागच होतो? आणि दुरुस्तीला ठेवताना पोलीस स्टेशनला आधी कळवावं लागतं का? ज्यांनी खरंच काम करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, तोपर्यंत ती कपाटात कुलपातच आहे.