मुंबईच्या नागदेवी बाजारात अर्ध्या इंचाचे व्हिटवर्थ बोल्ट कुठे मिळतील? (आणि नेटलफोल्डच्या स्क्रूंचं काय करू?)

माहीमची_मीरा:
सासऱ्यांचा लालबागला छोटा वर्कशॉप होता. तो गाळा आता रिकामा करतोय. बेंच ड्रिल मशीन मी ठेवून घेणार आहे. विलायती आहे, बिडाचं, दोघांनाही उचलत नाही. टेबल आवळायचा एक बोल्ट गायब आहे. घराजवळच्या दुकानातून आणलेला एम १२ (१२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) दोन आटे गेला आणि अडकला. दुकानदार म्हणतो, भोकाचे आटे नवीन पाडून घ्या. पाडू का? गाळ्यात लाकडाच्या स्क्रूंचे तीन-चार खोकेही सापडले. त्यांवर जीकेडब्ल्यू आणि नेटलफोल्ड असं छापलंय. स्क्रू अजून चकचकीत आहेत. भंगारात द्यावेत का?

टर्नर_परळ:
ताई, थांबा! टॅप (आटे पाडायचं हत्यार) लावू नका. बोल्ट चुकीचा आहे, त्यात भोकाचा काय दोष. जुनं विलायती मशीन आहे म्हणजे आटे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे असणार. दुकानात "चार सूत बी एस डब्ल्यू" (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) मागा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच. आमच्या पिढीचे सगळे मेकॅनिक अजून सुतातच बोलतात.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. अमेरिकन यूएनसी मापाचे आणि व्हिटवर्थचे इंचात बसणारे आटे बहुतेक मापांत सारखे असतात: पाव इंचाला २०, तीन सुताला १६, पाच सुताला ११. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. म्हणजे दुकानदाराने चुकून यूएनसी दिला तर तो सुरुवातीला गोडीगुलाबीने जाईल आणि मग अडेल. पाना लावून जोर केलात तर बिडाचे आटे तुटतील. पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) लावून बघा, नाहीतर मशीनचा शाबूत असलेला दुसरा बोल्ट सोबत न्या आणि दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. फट दिसली की परत करा.

गिअरबॉक्स:
+१. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि अमेरिकनचा ६०. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये हे माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखाना आपल्या मनाचे आटे पाडायचा.

भोक मोठं करून एम १४ चा टॅप मारायचा सल्ला देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आज टेबल चालेल, पण उद्या दुसरा भाग लावायची वेळ आली की काय करणार?

जुनी_पेठ:
नेटलफोल्ड भंगारात? अहो, देऊ नका. त्या नावामागे मोठी गोष्ट आहे. जॉन सटन नेटलफोल्ड बर्मिंगहॅममध्ये लाकडाचे स्क्रू करायचा. त्या काळी स्क्रूचं टोक बोथट असायचं, आधी भोक पाडून मगच बसवायचा. टोकदार स्क्रू करणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क त्याला १८५४ मध्ये घ्यायचे होते, पण पैसा कमी पडला. मेव्हणा जोसेफ चेंबरलेन याने भांडवल घातलं आणि हिशेबावर लक्ष ठेवायला आपल्या १८ वर्षांच्या मुलाला तिकडे पाठवलं. तोही जोसेफच. पोरगा धंद्यात इतका रमला की कंपनीने इंग्लंडचा स्क्रूचा बाजार जवळजवळ गिळला. १८७४ मध्ये धंदा सोडून तो पूर्णवेळ राजकारणात गेला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन हा त्याचाच मुलगा.

१९०२ मध्ये नेटलफोल्ड्स आणि गेस्ट-कीन एक झाले आणि जीकेएन जन्माला आली. हिंदुस्थानातली तिची शाखा म्हणजे गेस्ट कीन विल्यम्स, जीकेडब्ल्यू. हावड्याला कारखाना होता, आणि आपल्या भांडुपलाही. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचा. माझा मामा तिथे होता, दिवाळीच्या बोनसवर घरात दोन महिने चर्चा चालायची. पुढे जीकेएनने स्क्रूशी नातं तोडलं, गाड्यांचे शाफ्ट आणि विमानांचे भाग करत राहिली. २०१८ मध्ये मेलरोजने ती घेतली.

खोके ठेवा. सागवानी दारं दुरुस्त करणारे सुतार असे स्क्रू हौसेने मागतात, आजच्या ड्रायवॉल स्क्रूने जुन्या दाराची शोभा जाते.

माहीमची_मीरा:
वा, खोके ठेवतेच! आणखी एक. मशीनसाठी स्टेनलेस बोल्ट घेऊ का? माहीमला समुद्राच्या हवेत काहीही ठेवलं की गंजतं.

गिअरबॉक्स:
खिडकीच्या ग्रिलला, एसीच्या ब्रॅकेटला जरूर घ्या, तेही ३१६ दर्जाचं स्टेनलेस. ३०४ समुद्राकाठी डाग पडून काळवंडतो. मशीनला नको. साधा स्टेनलेस ए२-७० आणि ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट यांत फरक आहे. ८.८ चा पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताकद, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, ६४० पर्यंत, बोल्ट कायमचा ताणला जात नाही. ए२-७० त्याआधीच, ४५० च्या आसपास ताणला जातो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट घट्ट आवळला की कधीकधी जाम होऊन बसतो, हॅकसॉने कापावा लागतो. ब्रॅकेटला लावताना आट्यांना अँटीसीझ (जाम होऊ न देणारं) ग्रीस लावा.

मशीनवर साधा पोलादी बोल्ट लावून तेलाचं बोट फिरवा, पुरे.

टर्नर_परळ:
ब्रँडचं म्हणाल तर मेट्रिकमध्ये टीव्हीएसचा, म्हणजे चेन्नईच्या सुंदरम फास्टनर्सचा बोल्ट डोळे मिटून घ्यावा. अॅलन बोल्टला (डोक्यात षटकोनी खळगा असतो तो) अनब्रेको. मूळची अमेरिकन कंपनी, आता तो ब्रँड लुधियानाच्या दीपक फास्टनर्सकडे आहे. डोक्यावर ना कंपनीचं चिन्ह ना दर्जाचा आकडा, असा बोल्ट ८.८ म्हणून कोणी माथी मारत असेल तर उलट पावली निघा. व्हिटवर्थमध्ये मात्र ब्रँडचा हट्ट धरू नका, मिळेल तो बसतो का ते बघा.

माहीमची_मीरा:
नागदेवीत नेमकं कुठून सुरुवात करू? रविवारी जमेल.

जुनी_पेठ:
रविवारी बहुतेक शटर बंद असतात. शनिवारी सकाळी मशीद बंदरला उतरा, स्टेशनपासून चालतच जा. समोरच्या मोठ्या दुकानात एक बोल्ट मागितलात तर "किलोवर मिळेल" म्हणतील. आतल्या बोळातले लहान दुकानदार सुटा देतात. तिथे नसेल तर तिथल्याच माणसाला विचारा, तो बरोबर तिसऱ्या दुकानात पाठवतो. बोल्ट सोबत न्यायला विसरू नका.