"त्या व्हेपपेक्षा माझी सिगारेट बरी" : हे कितपत खरं?

पोवईनाकावाला (सातारा)
पोवई नाक्यावर रोज चहाला भेटणारे एक काका आहेत. तीस वर्षांची सिगारेट, दोन बोटं पिवळीधमक. परवा म्हणाले, "पोरगा पुण्यात व्हेप ओढतो, ती बॅटरीवर निकोटीनची वाफ करणारी ई-सिगारेट. त्याला म्हटलं, त्यापेक्षा माझी सिगारेट बरी." मला हे अजिबात पटलेलं नाही. सिगारेटवाल्याला संपवतो तो जळत्या तंबाखूचा धूर, त्यातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटीन चटक लावतं, पण कॅन्सर मुख्यतः धुरानं होतो आणि व्हेपमध्ये तंबाखू जळतच नाही. 2019-20 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारे 68 जण फुप्फुसं निकामी होऊन गेले, तिथून ही भीती पसरली. पण त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क ओढला होता, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट रसायन मिसळलेलं. ही बाजू आपल्यापर्यंत आलीच नाही.

कराडचे_मास्तर
काकांचं राहू द्या, माझ्या वर्गातलं सांगतो. नववीतल्या पोराच्या कंपासपेटीत हायलायटरसारखी व्हेपची कांडी सापडली, आंब्याच्या वासाची. त्यानं सिगारेट कधी ओठाला लावलेली नव्हती. "सिगारेटपेक्षा कमी घातक" हे तुम्ही ओढणाऱ्याला सांगता, ते या पोराला "काही होत नाही" असं ऐकू येतं. शिवाय 2019 च्या कायद्यानं व्हेपची विक्री बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मिळतो तो चोरीछुपे आलेला माल. आत काय भरलंय, कोण सांगणार?

पोवईनाकावाला
सर, पोरांच्या हातात ते नकोच, यात दुमत नाही. पण सिगारेट प्रत्येक टपरीवर आणि तिच्याहून कमी घातक वस्तूवर बंदी, हा कुठला न्याय? लंडनच्या 2019 च्या चाचणीत वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी 18 टक्के सिगारेटपासून लांब होते, सिगारेट सोडायला निकोटीनचा च्युइंगगम, पट्टी असलं काही वापरणाऱ्यांपैकी 9.9 टक्के.

सांगलीची_सिस्टर
त्याच चाचणीतलं पुढचं सांगा ना दादा. त्या 18 टक्क्यांतले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. सिगारेट सुटली, निकोटीन नाही.
आणि गम लागू पडत नाही, कारण तो चघळायचा कसा हे कोणी सांगत नाही. माझ्या मिस्टरांनी साध्या च्युइंगगमसारखा चावला, रस गिळला, उचक्या लागल्या, पाकीट फेकून दिलं. हळू चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, ओसरल्या की परत चावायचा. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. दुसऱ्या खेपेला असं केलं, आज बिडी सुटून दोन वर्षं झाली. 2 मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. 1800-11-2356 वर फोन फुकट आहे.

मिरजकर
2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे 3.8 टक्के, तंबाखू-मावा-मिश्रीवाले 24.4. माझी आई पहाटे चुलीपुढं बसून मिश्री लावते. तिच्यासाठी कोण भांडतंय?

पोवईनाकावाला
सिस्टर, चहानंतर थांबायचं हे मलाही माहीत नव्हतं. काका तर चहाबरोबरच शिलगावतात. उद्या गमचं पाकीट घेऊन जातो, चहा यायच्या आधीच त्यांच्या हातात देतो. मिरजकर, मिश्री सोडायलाही हाच गम चालतो का, ते सिस्टरनी सांगावं.