३८ हजारांचं ग्लो पॅकेज: चेहऱ्यावर आपण नक्की कशाचे पैसे घालतोय?

हरिपूरकर (धागा सुरू करताना)

माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग आले. सांगलीतल्या एका क्लिनिकनं तिला ३८ हजारांचं पॅकेज लिहून दिलं: लेझर टोनिंग, पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लाझ्मा काढून चेहऱ्यावर वापरणं) आणि वर 'ग्लो'चं सलाईन. लेझर कुठलं, सलाईनमध्ये काय, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. आजच पैसे भरले तर सूट, हे मात्र ठळक लिहिलेलं. ती रोज भर उन्हात स्कूटरवरून कुपवाड एमआयडीसीत कामाला जाते. सनस्क्रीन लावतेस का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे तिला कुणी विचारलंच नाही. ऊन आणि हार्मोन्स हीच तर वांगांची मोठी कारणं.

माझं म्हणणं असं की चेहऱ्यासाठी बाजूला काढलेला पहिला रुपया सनस्क्रीनवर जावा, दुसरा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रात्रीच्या क्रीमवर. मशीनचा नंबर त्यानंतर.

हे मी मनानं सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीनं लावायचं. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवलेलं. साडेचार वर्षांनी हाताच्या मागच्या बाजूच्या त्वचेचे ठसे तपासले, तर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. रात्रीच्या क्रीममधलं ट्रेटिनोइन हे औषध तर मुरुमांसाठी १९७१ पासून वापरात आहे आणि उन्हानं आलेल्या बारीक सुरकुत्यांवर १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याची ट्यूब काही शे रुपयांत येते. ती विकण्यासाठी कुणी पॅकेज करत नाही, कारण त्यात कमाई नाही.

उलट वांगांवर लेझर मारलं तर डाग काही महिने फिके होतात आणि बऱ्याच जणींना परत येतात. आपल्या सावळ्या त्वचेवर शक्ती जास्त झाली तर आधीपेक्षा काळे पडतात, कधी पांढरे ठिपकेही उठतात. आणि विमा यातला एक रुपया देत नाही.

मिरजेची ताई

हरिपूरकर ताई, वांगांचं उदाहरण धरून सगळ्याच उपचारांना झोडपू नका. माझ्या गालांवर मुरुमांचे खड्डे होते. कॉलेजात असताना गर्दीत कुणी चेहऱ्याकडे पाहिलं की मी मान खाली घालायची. क्रीमनं खड्डा भरत नाही. खाली तंतू आखडलेले असतात, ते सोडवावे लागतात.

मी मिरजेत मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) केलं, नंतर फ्रॅक्शनल लेझर. आधी पाऊणएक तास बधिर करणारं मलम लावून बसवतात. नंतर लेझरची टकटक सुरू झाली की जळक्या केसांसारखा वास येतो. चेहरा दोन-तीन दिवस लाल, मग चहापत्तीसारखे बारीक खवले निघतात. त्यामागचं तत्त्व २००४ मध्ये मांडलं गेलं: सगळी त्वचा भाजायची नाही, केसाएवढ्या बारीक स्तंभांत जखम करायची. मधली शाबूत त्वचा ती जखम पटकन भरून काढते आणि त्वचेला आधार देणारं नवं कोलॅजन तयार होतं. माझे खड्डे गेले नाहीत, पण निम्म्याहून उथळ झाले. प्रत्येक वेळी ४-५ हजार मोजले आणि मला त्या पैशांचं वाईट वाटत नाही.

कुपवाडकर

मूळ प्रश्नच वेगळा आहे. वय झालं की सुरकुत्या येणार. आमच्या आयांनी हळद-दूध लावून संसार केले. ३८ हजारांत पोराची वर्षाची फी निघते. ही गरजच कंपन्यांनी निर्माण केलेली आहे.

मिरजेची ताई

दादा, गावात नवी बुलेट आली की तुम्ही गरज विचारता का? बाईनं स्वतःच्या कमाईतून चेहऱ्यावर खर्च केला की लगेच पोराची फी आठवते. मला मुलाखतीत मान वर करून बोलता आलं, ही माझी गरज होती.

हरिपूरकर

खड्ड्यांबाबत ताईंचं मान्य, तिथे क्रीम अपुरं पडतं. आणि कुपवाडकर दादा, कुणी खर्च करावा की नाही हा माझा मुद्दा नाहीच. ज्याचे पैसे घेतले त्याचं नाव कागदावर लिहा, एवढंच मागते आहे.

तासगावचा बागायतदार

ताई, तुमचं 'पहिला रुपया सनस्क्रीनवर' वाचायला बरं वाटतं. हिशोब करून बघा.

चेहरा आणि मान धरून दोन बोटं भरून लावायचं म्हणतात. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर जेमतेम महिनाभर, दोनदा लावली तर पंधरा दिवस. बरी ट्यूब ४०० ते ६०० रुपयांना. आमच्या बागेत येणाऱ्या बायकांची ती दीड-दोन दिवसांची हजेरी झाली. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचा मांडव उघडा पडतो आणि वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फूट निघते तिथे, पेस्ट लावायचं काम सकाळपासून दुपारपर्यंत थेट उन्हात चालतं. जवळपास प्रत्येकीच्या गालावर, कपाळावर वांग आहेत. तिला सनस्क्रीन सांगणं आणि लेझर सांगणं सारखंच, दोन्ही परवडत नाही. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोळ्यांपर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ, हेच तिचं सनस्क्रीन. स्वस्त उपाय म्हणून जे सांगताय तेही शहरातल्या पगारदाराचंच आहे.

हरिपूरकर

हा हिशोब मला खोडता येत नाही. पण म्हणूनच सांगते, दाट विणीचं कापड आणि रुंद काठाची टोपी हेही पुराव्यावर टिकणारं संरक्षण आहे. या बायका जे करतात ते बरोबरच करतात. त्यांना कुणी 'वांग घालवायची क्रीम' म्हणून भलतंसलतं विकू नये, ही खरी काळजी.

त्वचारोगतज्ज्ञ, सांगली

इथे मला बोलावंच लागेल, कारण ती काळजी रास्त आहे आणि मूळ धाग्यातली एक गोष्ट धोक्याची आहे.

माझ्याकडे बिघडून येणारे निम्मे चेहरे लेझरनं बिघडलेले नसतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या तिहेरी क्रीमनं बिघडलेले असतात. त्यात डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड असतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून शेजारणीला सांगितलं जातं. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, क्रीम थांबवली की आग होते. स्टेरॉइडची मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात. ट्रेटिनोइनही 'काही शे रुपयांचं' म्हणून आपल्या मनानं सुरू करू नये. आपल्या त्वचेला त्याची आग झाली तर त्या आगीचाच काळा डाग राहतो. गरोदरपणात तर लावायचंच नाही.

आता किमतीचं. 'कमाई नाही म्हणून क्रीम सांगत नाहीत' हे सगळ्यांना लावू नका. बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे बोटॉक्सच्या इंजेक्शनचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये डोळ्यांच्या आजारांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये. नसेकडून स्नायूला जाणारा संदेश ते रोखतं, आठी पडत नाही, ३ ते ४ महिन्यांनी परिणाम ओसरतो. त्या आठ्यांसाठी ठरलेला डोस २० युनिट. एका युनिटचे ३०० ते ४०० धरले तर ६ ते ८ हजार. बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, उघडल्यावर फार टिकत नाही, आणि सांगलीत दिवसाला दहा पेशंट येत नाहीत. उरलेलं टाकून द्यावं लागतं, ते किमतीत येणारच. जाहिरातीतल्या कित्येक क्रीमांमागे याच्याइतका भक्कम पुरावा नसतो.

त्वचा उजळवण्यासाठी ग्लुटाथायोनचं सलाईन मी देत नाही. त्यामागे भरवशाचा पुरावा नाही.

कुपवाडकर

डॉक्टर, स्पष्ट विचारतो. तीस-चाळीस लाखांचं मशीन घेतलं की त्याचा हप्ता कुणाच्या गालावरून वसूल होतो?

त्वचारोगतज्ज्ञ, सांगली

हप्त्याचा दबाव असतो. ज्याच्याकडे एकच मशीन असतं, त्याला प्रत्येक चेहरा त्या मशीनचा वाटण्याचा धोका असतो, हेही खरं. म्हणून डॉक्टरची पदवी बघा: एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल त्वचारोगात आहे का. आणि मशीन स्वतः डॉक्टर चालवतात की नुकतीच लागलेली मुलगी, हे विचारा.

लॅबवाला, मिरज

पीआरपीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, आणि ते माझं रोजचं काम आहे. रक्त काढून मशीनमध्ये फिरवलं की खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो, मध्ये पांढरट पातळ थर. कोण किती वेगानं, किती वेळ, एकदा फिरवतं की दोनदा, यावर प्लेटलेट किती मिळणार ते ठरतं. एका ठिकाणचं पीआरपी आणि दुसऱ्या ठिकाणचं पीआरपी एकच औषध नसतं. अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक कारण हेच. माझ्या मते चेहऱ्यासाठी ३ हजार देण्याइतका पुरावा अजून नाही.

त्याहून महत्त्वाचं, रक्त आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये याच प्रकारच्या फेशियलमधून बायकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ मध्ये तो स्पा बंद झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं सगळी माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा ट्यूब आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, ट्यूबवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहायला लावा. नाव न लिहिता ट्यूब आत नेली तर खुर्चीतून उठा.

कऱ्हाडहून वाचणारी

आमच्याकडे एका पार्लरमध्ये ओठांचं फिलर (ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचतात ते) करून देतात. स्वस्त पडतं. घ्यावं का?

त्वचारोगतज्ज्ञ, सांगली

नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज लगेच द्यावं लागतं. पार्लरमध्ये ते नसतं, आणि असलं तरी कुठे टोचायचं हे त्यांना माहीत नसतं.

हरिपूरकर

जावेचं काय झालं ते सांगते. आम्ही क्लिनिकला पॅकेजचा तपशील मागितला: मशीन कुठलं, सलाईनमध्ये काय, प्रत्येकाचे वेगळे किती. 'पॅकेज तुटत नाही' असं उत्तर आलं, म्हणून आम्ही पैसे भरले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलं. नुसतं अतिनील किरणांपासून वाचून वांगांना पुरत नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही ते गडद करतो, म्हणून. स्कूटरवर स्टोल आहेच.

मिरजेची ताई

चांगलं केलंत. पण तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही आणि ती स्वतःहून 'पील करायचंय' (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणं) म्हणाली, तर 'पहिला रुपया, दुसरा रुपया' करत तिला अडवू नका.

हरिपूरकर

अडवणार नाही. पीलचं नाव, किती टक्क्यांचं आणि एका वेळचे पैसे किती, हे आधी लिहून घेऊ. ते मिळालं तर मीच तिच्यासोबत जाईन.

तासगावचा बागायतदार

डॉक्टर, आमच्या गावात छाटणीआधी बागेतल्या बायकांसाठी एक दिवस येऊन बसाल का? त्या तिहेरी क्रीमच्या ट्यूबा मी दुकानदाराकडे पाहिल्यात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

त्वचारोगतज्ज्ञ, सांगली

येतो. रविवार ठरवा. बायकांना सांगा, घरात आहेत त्या सगळ्या ट्यूबा घेऊन या, रिकाम्या असल्या तरी.