मदत हवी आहे: सिंगल-सेल आरएनए आणि अटॅक डेटा जुळतच नाही (तातडीचं)

पिपेटवाली (गुरुवार, रात्री ११:४०)
सोमवारी प्रोग्रेस सेमिनार आहे, म्हणून थोडक्यात. पीबीएमसीचा (रक्तातल्या पेशींचा) टेनएक्स मल्टीओम डेटा आहे, म्हणजे प्रत्येक पेशीचं आरएनए (कुठले जीन चालू) आणि अटॅक (डीएनए कुठे उघडा) दोन्ही मोजलंय. आरएनए सुराटमध्ये मस्त झालं, टी, बी, मोनोसाइट सगळे ओळखू येतात. अटॅक सिग्नॅकमध्ये झालं (दोन्ही आरमधली पॅकेजेस). दोन्ही एकत्र करायला गेले की पेशी गळतात. तीन दिवस हेच चाललंय. इंटिग्रेशनची कुठली पद्धत वापरू? गूगल कर म्हणू नका, केलंय.

बायोमित्र
हार्मनी. डोळे झाकून हार्मनी. २०१९ मध्ये पेपर आला तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये दुसरं काही चालत नाही. साध्या लॅपटॉपवरही पळते.

टिंबटिंब
"गळतात" म्हणजे काय? आधी किती होत्या, नंतर किती उरल्या? एरर काय येते? नमुने किती?

पिपेटवाली
एरर नाही. दोन्हीकडे साडेआठ हजारांच्या आसपास होत्या, कॉमन काढल्या की वापरण्यासारखं काही उरत नाही. पद्धत कुठली ते सांगा ना.

सातवा_फॅक्टर
मोफा प्लस बघा. आरएनए आणि अटॅक दोन्हींतला सामाईक बदल थोड्या फॅक्टरांत काढून देतं, शिवाय कुठला फॅक्टर कशामुळे आला तेही दिसतं. यूमॅपच्या (पेशींच्या नकाशाच्या) ढगांपेक्षा गाइडला समजावणं सोपं जातं.

टिंबटिंब
@बायोमित्र, हार्मनी कशासाठी? ती बॅचमुळे, म्हणजे नमुने वेगवेगळ्या वेळी केल्यामुळे, आलेला फरक पुसते. इथे एकाच केंद्रकाची दोन मापं आहेत, त्यांतला फरक पुसायचा नाहीये. @सातवा_फॅक्टर, मोफालाही दोन्हीकडे त्याच पेशी लागतात, आणि बाईंचं रडगाणं तेच आहे की त्या सापडत नाहीत.

बायोमित्र
पुस्तकी ज्ञान वेगळं. आम्ही अकरा नमुने जोडलेत हार्मनीने.

टिंबटिंब
नमुने जोडलेत. आरएनए आणि अटॅक नाही जोडलेत.

कंस_पूर्ण_करा
बारकोडच्या (प्रत्येक पेशीच्या ओळखीच्या अक्षरांच्या) शेवटचं "-१" एकीकडे असेल, दुसरीकडे नसेल. माझा एक अख्खा आठवडा यात गेला होता. जीसबने (आरची अक्षरं बदलायची कमांड) उडवा.

पिपेटवाली
बघितलं. दोन्हीकडे आहे.

अँकरवाला
मग बारकोडचा नाद सोडा. अटॅकवरून जीन अ‍ॅक्टिव्हिटी काढा, आरएनए रेफरन्स धरा, अँकर (दोन्हीकडच्या सारख्या दिसणाऱ्या पेशींच्या जोड्या) शोधा आणि लेबल, म्हणजे पेशींचे प्रकार, ट्रान्सफर करा. अर्ध्या दिवसाचं काम, सोमवार निभावेल.

टिंबटिंब
अहो, ते वेगवेगळ्या पेशींवर केलेल्या प्रयोगांसाठी! मल्टीओममध्ये दोन्ही मापं त्याच केंद्रकातून येतात, जादा पैसे त्याचेच तर मोजतो. लग्न लागलेल्या जोडप्यांच्या पत्रिका पुन्हा कशाला जुळवायच्या?

अँकरवाला
जोडपी सापडत नसतील तर पत्रिकाच बघावी लागते.

सदाशिवकाका
चर्चा छान चालली आहे. फारसं कळलं नाही, पण वाचतो आहे. माझी पुतणी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला बायोइन्फॉर्मॅटिक्स करायचं म्हणते. स्कोप आहे का?

कंस_पूर्ण_करा
काका, आपल्या पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्सचं केंद्र १९८७ पासून आहे, तिथे चौकशी करा. पण आधी पायथन आणि स्टॅट शिकू दे. नुसतं सॉफ्टवेअरची बटणं दाबता येण्याला आता कोणी विचारत नाही.

सातवा_फॅक्टर
आणि जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) ३७ हजार आहे हेही सांगा तिला. महिन्याला. मिळाली तर, आणि वेळेवर आली तर.

कंस_पूर्ण_करा
वेळेवर :) माझी चार महिन्यांची एकदम आली होती. घरमालकाने लाडू वाटायचे बाकी ठेवले होते.

बोस्टनची_थंडी
अवांतर पुरे. @पिपेटवाली, फास्टक्यूपासून (मशीनच्या कच्च्या फायलींपासून) मॅट्रिक्सपर्यंत (पेशीनिहाय आकड्यांच्या तक्त्यापर्यंत) काय चालवलंत? मल्टीओमसाठीचा सेल रेंजर एआरसी, की आरएनए आणि अटॅक वेगवेगळं?

पिपेटवाली
वेगवेगळं. आरएनएच्या फायली सिक्वेन्सिंगवाल्यांनी तीन आठवडे आधी दिल्या, थांबायला वेळ नव्हता. साधा सेल रेंजर काउंट चालवला. त्याने आधी कुरकुर केली, म्हणून केमिस्ट्रीच्या सेटिंगमध्ये एआरसी-व्ही१ लिहिलं, मग झालं. अटॅक नंतर आलं, ते सेल रेंजर अटॅकवर. याचा काय संबंध?

बोस्टनची_थंडी
सगळा संबंध तिथेच आहे. मल्टीओममध्ये केंद्रकासोबत जाणाऱ्या एकाच मण्यावर आरएनएसाठी एक बारकोड असतो आणि अटॅकसाठी दुसरा. अक्षरं वेगळी. कुठला कुठल्याचा जोडीदार, हे एआरसीला माहीत असतं, म्हणून तो अटॅकचे बारकोड आरएनएच्या नावांत बदलून देतो. तुम्ही दोन्ही वेगळं चालवलंत, त्यामुळे एका पेशीला दोन नावं राहिली. पेशी गळल्या नाहीत, तुम्ही वेगळ्याच नावाने हाका मारताय.

कंस_पूर्ण_करा
अरे देवा. पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहिलं असतंत तर.

पिपेटवाली
मला काय माहीत हे महत्त्वाचं आहे! आता पुन्हा चालवू? आमच्या सर्व्हरवर रांग आहे, आणि सोमवार.

टिंबटिंब
पुन्हा चालवायची गरज नाही. एआरसीच्या फोल्डरमध्ये बारकोडच्या दोन याद्या असतात, एक आरएनएची, एक अटॅकची, दोन्हींत ७,३६,३२० ओळी. एकीतली पाचशेवी ओळ दुसरीतल्या पाचशेव्या ओळीची जोडीदार. तक्ता करा, अटॅकची नावं बदला. दहा मिनिटं.

बोस्टनची_थंडी
सेमिनारपुरतं चालेल, पेपरसाठी नको. वेगळं चालवलं की पेशी कुठल्या मानायच्या हे दोन्ही प्रोग्रॅम आपापलं ठरवतात. एआरसी दोन्ही मापं एकदम बघून ठरवतो. ६४ जीबी रॅम लागेल, रांगेत नंबर लावून ठेवा. आणि अटॅकच्या एलएसआयचा (डेटा थोड्या घटकांत आटवायची पद्धत) पहिला घटक बहुधा नुसती सिक्वेन्सिंगची खोली, म्हणजे पेशी किती वाचली गेली ते, दाखवतो. सिग्नॅकचं डेप्थ-कोर काढून बघा. तसं असेल तर तो सोडून दुसऱ्यापासून घ्या, मग डब्ल्यूएनएन (दोन्ही मापं एकत्र करणारी सुराटची पद्धत).

टिंबटिंब
पेपरबद्दल मान्य. पण सोमवार आधी येतो.

पिपेटवाली (शनिवार, पहाटे ३:१०)
जुळलं!! तक्त्याने नावं बदलली, सात हजारांवर पेशी दोन्हीकडे सापडल्या. डब्ल्यूएनएन चाललं. एआरसीसाठी रांगेत नंबर लावलाय. पण आता यूमॅपवर मोनोसाइटचे दोन वेगळे ढग दिसतायत. हा नवा सबटाइप असेल का? सेमिनारमध्ये दाखवू?

टिंबटिंब
थांबा. नमुने किती हे मी गुरुवारीच विचारलं होतं.

पिपेटवाली
दोन. दोन वेगळ्या दिवशी केलेले. ढग दिवसानुसारच पडलेत, आत्ता रंग लावून बघितलं. :(

बायोमित्र
हार्मनी.

टिंबटिंब
आता बरोबर. आरएनएचं पीसीए (तिकडचे आटवलेले घटक) आणि अटॅकचं एलएसआय दोन्हींवर वेगवेगळी लावा, मग डब्ल्यूएनएन.

सदाशिवकाका
पुतणी विचारते आहे, पायथन आधी की आर?