भोक बुजवण्याची घाई नको

भिंतीत गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर रात्री सगळ्या आत असताना त्यांच्या ये-जा करायच्या भोकावर सिमेंट थापायचं, असं काही जण सुचवतात, ते मात्र करू नका. मी केलंय! दुसऱ्या दिवशी दुपारी गांधीलमाश्या स्विचबोर्डाच्या फटीतून एकेक करत थेट खोलीत. बाहेरची वाट बंद झाली की त्या आतली शोधतात, भिंतीचा बोर्ड जिप्समसारखा मऊ असेल तर कुरतडतातसुद्धा. शेवटी भोक मोकळं करून पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडून भोकाच्या तोंडाशी कीटकनाशक पावडर मारून घेतली. जाता-येता अंगाला लागून ती त्यांनीच पोळ्यापर्यंत नेली. आठवडाभर ये-जा दिसली नाही, मगच बुजवलं.

आणि आधी मधमाश्या तर नाहीत ना, ते बघा. अंग केसाळ असेल तर पावडर नकोच, पोळं काढून नेणाऱ्याला बोलवा. माश्या मेल्या की मागे राहिलेला मध भिंतीतून झिरपतो, मग मुंग्या.