अंदमान, जानेवारी अखेर: सहा जण, सात रात्री. हा आराखडा जमेल का?

वाटसरू_पुणे

नमस्कार मंडळी. २० ते २७ जानेवारी अंदमानला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आई-बाबा (६६ आणि ७१, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू, आईचे गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, ११ आणि ६ वर्षांची. पुण्याहून चेन्नईमार्गे विमान. कच्चा आराखडा असा:

२० ला दुपारी पोर्ट ब्लेअर, आराम. २१ ला बाराटांग. २२ ला रॉस आणि नॉर्थ बे, संध्याकाळी पाचनंतर सेल्युलर जेल. २३ आणि २४ हॅवलॉक. २५ आणि २६ नील. २७ ला सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर आणि दुपारी १ चं परतीचं विमान.

बाबांना सावरकरांची कोठडी बघायची आहे, त्यासाठीच खरं तर सगळा घाट घातलाय. मुलांना पाण्यात उतरायचंय. बोटी आधी बुक कराव्यात की तिथे जाऊन? आराखड्यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

दर्यासारंग

सगळ्यात आधी २७ तारीख दुरुस्त करा. बेटावरून बोट आणि त्याच दिवशी विमान, हे अंदमानात करू नये. वारा वाढला किंवा बंदरानं बावटा लावला की बोट उशिरा सुटते किंवा रद्द होते. बोटवाले तिकिटाचे पैसे परत देतील, विमानवाले देणार नाहीत. जानेवारीत समुद्र बराच शांत असतो, तरी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पावणेसहाला उजाडतं. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू करा आणि चारला आवरता घ्या. पाचनंतर जेल बघायचं म्हणताय, पण त्याआधीच ते बंद होतं. पाचनंतर असतो तो ध्वनिप्रकाश कार्यक्रम, त्याचं तिकीट वेगळं.

मी असं करेन: २० ला विमान वेळेवर उतरलं तर सामान टाकून, जेवून थेट सेल्युलर जेल आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाश. त्याची तिकिटं लवकर संपतात, ऑनलाइन आधीच काढा, हिंदी खेळ निवडा. विमान लांबलं तर जेल २५ वर ढकला. २१ ला सकाळच्या बोटीनं हॅवलॉक, तिथे तीन रात्री. २४ ला सकाळी नील, एक रात्र. २५ ला दुपारच्या आत पोर्ट ब्लेअरला परत, उरलेल्या दोन रात्री तिथेच. २६ ला रॉस. जेल मात्र २६ वर ठेवू नका, राष्ट्रीय सुट्टीला ते बंद असतं.

बोटी तिथे जाऊन बुक करायच्या नाहीत. २६ जानेवारीला जोडून येणारी गर्दी असते, आणि सहा जणांना एकत्र जागा हव्यात. आधी बोटींच्या वेळा बघा, मग हॉटेलं ठरवा. बहुतेक लोक उलट करतात आणि मग हॅवलॉक-नील टप्प्याला अडकतात, कारण त्या मार्गावर बोटी कमी.

खासगी बोटी म्हणजे मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक साधारण दीड ते दोन तास. सरकारी बोट स्वस्त, अडीच तासांच्या आसपास, पण तिच्यात स्थानिकांना प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे, त्यांचा तो रोजचा रस्ता आहे. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बे वरून. रिक्षावाल्याला नुसतं 'जेट्टी' सांगितलंत तर भलत्याच धक्क्यावर पोचाल. सुटण्याआधी तासभर पोचा. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात, मुलांची आधार कार्डंसुद्धा, आणि नाव तिकिटाशी जुळायला हवं.

निळीशाई

वरचा आराखडा उत्तम. नावांची एक गोष्ट: तिकिटावर हॅवलॉकच्या जागी स्वराज द्वीप, नीलच्या जागी शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरच्या जागी श्री विजयपुरम दिसेल. पहिल्या दोघांची नावं २०१८ मध्ये बदलली, शहराचं २०२४ मध्ये. रॉस आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोलताना लोक जुनीच नावं घेतात.

सेल्युलर जेलबद्दल. कोठडी तिसऱ्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बरंच काही बघता येतं: संग्रहालय, फाशीघर, आणि कोलू (तेलाचा घाणा) ठेवलेली कामाची शेड. बाबांना मात्र चढवाच, घाई न करता. वर गेल्यावर कोठडीत डोकावून लगेच फिरू नका, गजांपाशी उभं राहून समोर बघा. समोर दिसते ती पुढच्या इमारतीची पाठ. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या आणि प्रत्येकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसूच नये. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, झरोका हात पोचणार नाही इतका वर. १९११ मध्ये तात्याराव, म्हणजे सावरकर, तिथे आले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते. दोघांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात हलवलं. भाऊ एकाच आवारात असून भेट का होऊ शकत नव्हती, ते या बांधणीवरून मुलांनाही समजतं. आता सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. बाकीच्यांच्या जागेवर पंत रुग्णालय आहे.

इथे दोन तास तरी द्या. वाटाड्या केलात तर कोलूवर दिवसाला किती तेल काढावं लागे हे त्याला विचारा. नारळाचं तीस पौंड, बैलाच्या जागी माणूस जुंपून. मुलांना हा आकडा घरी तेलाच्या पिशव्या मोजून दाखवण्यासारखा आहे.

वाटसरू_पुणे

खूपच मदत झाली, २७ चा धोका लक्षातच आला नव्हता. आता बाराटांग कुठे बसवू? आणि स्कुबा सगळ्यांना करता येईल का? धाकट्याला गाडीत मळमळतं, बोटीत काय होईल?

दर्यासारंग

बाराटांग सोडा. पहाटे साडेतीन-चारला निघून जिरकाटांगच्या फाटकावर रांग लावायची, मग काफिल्यातून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातला रस्ता, मग वाहनांची बोट, मग स्पीडबोट, मग दीडेक किलोमीटर चालून चुनखडीची गुहा, आणि परत येताना हेच सगळं. सहा वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना हा दिवस झेपणारा नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, पण आपल्या गाड्या जातात हाच त्यांना उपद्रव आहे. खारफुटी बघायची असेल तर त्यासाठी तिथेच जायला हवं असं नाही.

मळमळीबद्दल: बोटीत खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागच्या बाजूला जागा घ्या, तिथे हेलकावा कमी. पुढच्या खिडकीजवळच्या जागा महाग असतात आणि हेलकावाही तिथेच जास्त. बहुतेक खासगी बोटी बंद, वातानुकूलित असतात, वाटेत बाहेर उभं राहता येत नाही. उपाशी किंवा भरपेट दोन्ही नको, इडली-केळं पुरे. गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. मुलाची मात्रा पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या.

भरतीओहोटी

स्कुबाचं सांगते. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबरची पहिली डुबकी घेता येते, खोली जास्तीत जास्त १२ मीटर. वय किमान १० वर्षं, म्हणजे मोठ्याला चालेल, धाकट्याला नाही. आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया, यातल्या कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतात. बाबांनी करू नये असं माझं मत. तुम्हा दोघांपैकी कुणाला असं काही असेल तर ते पत्र पुण्याहूनच आणा, हॅवलॉकला ऐनवेळी धावपळ होते.

सर्दी असेल तर डुबकी रद्द करा, पैसे गेले तरी. खाली जाताना दर मीटरभराला नाक दाबून हलकेच हवा ढकलत कान मोकळे करायचे असतात, आणि नाक चोंदलेलं असलं की ते होत नाही. दुखायला लागल्यावर 'थोडं सहन करू' म्हणून खाली गेलात तर पडद्याला इजा होते. मुलाला हाताची खूण आधी पाठ करून घ्या: कानाकडे बोट दाखवून पंजा हलवला की थांबायचं आणि थोडं वर यायचं. डुबकीनंतर १८ तास विमान नको. तुमच्या नव्या आराखड्यात ते आपोआप सांभाळलं जातं.

धाकट्यासाठी एलिफंट बीच बरा. हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोट जाते, उथळ पाण्यातच प्रवाळ दिसतात. सकाळची पहिली बोट घ्या, दहानंतर पाणी माणसांनी ढवळून गढूळ होतं.

राधानगर किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त तिथेच. धक्क्यापासून साधारण १२ किलोमीटर, परतीचं वाहन आधीच ठरवून ठेवा, अंधार पडला की मिळत नाही. टोकाच्या खाडीसारख्या भागात मगरीच्या सूचना लावल्या आहेत, तिकडे पाण्यात उतरू नका. जीवरक्षक जिथे असतात तिथेच मुलांना सोडा.

नीलला सगळं भरती-ओहोटीवर आहे, आणि इथे बहुतेकांचा दिवस फुकट जातो. लक्ष्मणपूरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो, भरतीला तिथवर जाताच येत नाही. भरतपूर बरोबर उलट: ओहोटीला प्रवाळाचं पठार उघडं पडतं, पोहता येत नाही आणि काचेच्या तळाची बोटही नीट चालत नाही. म्हणून २४ तारखेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी काढा आणि क्रम त्यावरून लावा. वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्यांची वेळ तुम्हाला उपयोगाची नाही. पुलापाशी खडक शेवाळानं निसरडे असतात, आई-बाबांना रस्त्याच्या टोकाला सावलीत बसवा. मुलांना रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले बूट. चप्पल खडकाच्या फटीत अडकते, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही.

निळीशाई

राहिलेलं थोडं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरला काढून घ्या. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून नेट सुधारलंय, पण हॅवलॉक-नीलला यूपीआय मध्येच अडतं. तिकिटं आणि हॉटेलची पत्रं छापून ठेवा. बाबांच्या गोळ्या दहा दिवसांच्या, दोन पिशव्यांत वाटून, एक कायम हातात.

संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत आणि खाज आठवडाभर राहते. पायांना खोबरेल तेल चोळून बसा, चटईऐवजी खुर्ची घ्या.

आणि मुलांना आधीच सांगून ठेवा: किनाऱ्यावरचा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते दिसतात आणि काढून घेतात. दुकानातून शंखाची वस्तू घेतलीत तर पावती हातातल्या पिशवीत ठेवा.