जुन्या स्कॉट्स भाषेत (स्कॉटलंडची बोली) ‘प्रॉप’ म्हणजे टेकू की हद्दीची खूण?

एबरडीनचा_पाहुणा:
मंडळी एक विचित्र शंका आहे. मी स्कॉटलंडात एबरडीनला राहतो, घराजवळ फिरायला जातो तिथे रस्त्याकडेला एक दगड आहे, त्यावर एबीडी (म्हणजे एबरडीन) आणि पुढे एक आकडा कोरलाय. शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले हा ‘मार्च स्टेन’. मला वाटलं मार्च महिन्याचं काहीतरी असेल 😅 नंतर कळलं की मार्च म्हणजे शीव आणि स्टेन म्हणजे दगड. मग नादच लागला, जुने जमिनीचे कागद वाचायला घेतले, तर त्यात ‘मीथ’ आणि ‘प्रॉप’ हे शब्द सारखे येतायत. आता प्रॉप म्हणजे टेकू एवढंच मला माहीत, जमिनीच्या हद्दीला टेकू कशाला लागेल? कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

शब्दांचा_किडा:
भारी प्रश्न. तिकडच्या जुन्या कागदांत प्रॉप म्हणजे हद्दीवर रोवलेली खूण, मग तो खुंटा असो, दगड असो नाहीतर मातीदगडाचा ढीग. हद्द ‘प्रॉप’ करणे म्हणजे खुणा रोवून आखून घेणे. टेकूवाला अर्थ पण होताच की. माझ्या मते गोंधळ आपल्या डोक्यात आहे, कारण आपण कामावरून अर्थ लावतो. वस्तू बघ ना, जमिनीत उभं ठोकलेलं लाकूड, त्याच्यावर काही टेकवलं तर टेकू आणि नुसतंच उभं ठेवलं तर खूण. तसाच ‘स्टूप’, म्हणजे फाटकाचा खांब, पण देवळाचा... सॉरी चर्चचा आधारस्तंभ असलेल्या माणसाला पण स्टूपच म्हणायचे. आणि ‘स्टॉब’ म्हणजे कुंपणाची मेख. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, खुंट म्हणजे गुरं बांधायचा खुंटा आणि चारी खुंट म्हटलं की चारी दिशांच्या टोकापर्यंत!

मीथ हा मात्र नुसता खुणेचाच शब्द, जुन्या नॉर्सवरून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरचे कोळी समुद्रात असताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा, म्हणजे समजा एक डोंगर आणि एक घर, एका रेषेत धरतात आणि त्यावरून मासे मिळायची जागा बरोब्बर शोधतात, त्या खुणांना पण मीथच म्हणतात.

सातबारा_वाला:
वरच्या कमेंटला +१. मी मोजणीच्या कामात आहे म्हणून सांगतो, दगड रोवला की काम संपलं असं नसतं, दगड रात्रीत ‘चालतो’ 😂 एका गावात तीन वर्षांत दगड सहा फूट चाललेला मी स्वतः बघितलाय. त्यामुळे मला प्रश्न हा पडला की तिकडे दगड जागेवर आहेत की नाही हे बघायचं कोण?

शब्दांचा_किडा:
अख्खं गाव बघायचं! ‘रायडिंग द मार्चेस’, घोड्यावर बसून गावाची शीव फिरून यायची. सेलकर्क, हॉइक, लँगहम या गावांत अजून दर उन्हाळ्यात करतात, आता तो सणच झालाय. एबरडीनला तर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूसने 1319 साली जंगलाची जमीन दिली होती, तीच राखायला हे दगड. आणि पहिल्यांदा शीव फिरायला येणाऱ्याला उचलून एका दगडावर ढुंगण आपटायचे म्हणे, जन्मभर हद्द लक्षात राहणारच ना!

गडगा_आणि_काजू:
आमचं गाव रत्नागिरीकडे. ‘डाइक’ पण घ्या यादीत. इंग्लंडात डाइक म्हटलं की बरेचदा खणलेला चर आणि स्कॉटलंडात त्याच शब्दाचा अर्थ भिंत. चर खणला की माती एका बाजूला पडते आणि तिचा बांध होतो, मग कोणी खड्ड्याला नाव दिलं कोणी ढिगाऱ्याला. तिकडची बिनचुन्याची दगडी डाइक म्हणजे डिट्टो आपला कोकणातला गडगा, फोटो बघितला तर मला आमची काजूची बागच आठवली.
आणि 1661 चा कायदा आहे तिकडे, दोघांच्या मधल्या हद्दीवर डाइक घालायची तर शेजाऱ्याला अर्धा खर्च द्यायला लावता येतो. आमचा शेजारी ऐकतोय का, मागच्या पावसात गडगा ढासळला तेव्हा म्हणाला तुमच्या बाजूला पडलाय तुम्हीच बांधा.

एबरडीनचा_पाहुणा:
अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल परत आजोबांना गाठलं आणि प्रॉपचं सांगितलं तर त्यांना तो शब्दच माहीत नव्हता, स्टॉब मात्र लगेच म्हणाले, परसात चार ठोकलेत त्यांनी, टोमॅटोला आधार म्हणून. बाय द वे पहिल्या दगडावर अल्फा आणि शेवटच्यावर ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) कोरलंय असं कळलं, रविवारी अल्फापासून चालायला सुरुवात करतोय. दगडावर आपटणारं कोणी भेटलं नाही म्हणजे मिळवली.